कोड आपण बदलला म्हणून व्हेंडरने हात वर करायचे का?

तासगाव_रोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीत आमची बेदाण्याची अडत आहे, जोडीला कोल्ड स्टोरेज. हिशोबासाठी ओपन सोर्स ईआरपी, म्हणजे धंद्याचा सगळा हिशोब सांभाळणारं आणि मूळ कोड (सोर्स) उघडा असलेलं सॉफ्टवेअर घेतलं. ते बसवून देणारी आणि दरवर्षी एएमसीचे (देखभालीच्या वार्षिक कराराचे) पैसे घेणारी कंपनी बाहेरगावची आहे. नाव कुणाचंच घेत नाही. मला बदनामी करायची नाही, उत्तर हवंय.

आमच्या धंद्यात बिल सरळ नसतं. माल पंधरा किलोच्या बॉक्समध्ये येतो, पण सौदा किलोच्या दराने होतो. एकाच शेतकऱ्याच्या मालाचे रंगाप्रमाणे तीन-चार लॉट पडतात आणि प्रत्येक लॉटला वेगळा दर निघतो. शेतकऱ्याच्या पट्टीत (हिशोबाच्या कागदात) हमाली, तोलाई वेगळी दाखवावी लागते, स्टोरेजचं भाडं बॉक्सवर आणि महिन्यावर. मूळ सॉफ्टवेअरमध्ये हे बसत नव्हतं. व्हेंडरला सांगितलं तर "पुढच्या व्हर्जनला बघू" म्हणाले. सौदे काही त्यांच्या व्हर्जनसाठी थांबत नाहीत. मग मिरजेच्या एका हुशार पोराने सोर्समध्येच बिलाचं वजन आणि दर धरणारी फाइल बदलून दिली. अख्खा सीझन त्यावर निघाला.

मागच्या अपडेटनंतर मात्र विक्री रजिस्टर बिघडलंय. माल परत आल्याची क्रेडिट नोट वजा व्हायच्या जागी मिळवली जाते. एका पार्टीचं बिल १,२०,००० चं, त्यातला १५,००० चा माल परत आला. रजिस्टर दाखवतंय १,३५,०००. पार्टीचं लेजर उघडलं तर तिथे बरोबर १,०५,०००. व्हेंडरला कळवलं. उत्तर एका ओळीत आलं: "कोअर कोडमध्ये बदल आढळला, सपोर्टमध्ये बसत नाही." तिकीट बंद.

अहो, आमच्या पोराने रजिस्टरच्या रिपोर्टला हातसुद्धा लावलेला नाही! विकताना "सोर्स तुमच्या हातात, हवं तसं बदला" हे ठासून सांगत होते. एएमसीचे पैसे पूर्ण घेतलेत. मग बदलायचा हक्क नुसता कागदावरच का?

कृष्णाकाठ

दादा, शेतावरची मोटार गॅरंटीत असताना गावातल्या मिस्त्रीकडून रिवाइंड केली, तर कंपनी वाइंडिंगची जबाबदारी घेणार नाही, हे कुणालाही पटेल. पण पुढच्या महिन्यात पंपाच्या बॉडीला ओतकामातली चीर निघाली तर तिचा वाइंडिंगशी काय संबंध? तुमच्या व्हेंडरने चीर न बघताच मिस्त्रीचं नाव पुढे केलंय. माझं मत तुमच्या बाजूने.

अजिंक्यतारा_सपोर्ट

मी पलीकडच्या बाजूला बसतो. साताऱ्यात राहून घरून एका सॉफ्टवेअर कंपनीचं सपोर्टचं काम करतो. तुमचा व्हेंडर आमचा नाही, त्यामुळे वकिली करायचं कारण नाही. पण आमच्याकडे हे कसं दिसतं तेही इथे यायला हवं.

ग्राहकाकडून एरर येतो तेव्हा त्यात लिहिलेलं असतं: अमुक फाइल, ओळ ४१२. आम्ही आमच्या प्रतीत ती ओळ उघडतो. तिथे असतो भलत्याच फंक्शनचा शेवट. ग्राहकाच्या फाइलमध्ये वर कुठेतरी तीस-चाळीस ओळी घातलेल्या असतात आणि ते त्यांनी कळवलेलं नसतं. विचारलं तर "काही नाही, थोडंसंच केलंय". ज्याने केलं तो पोरगा तोवर पुण्याला नोकरीला गेलेला. मग आम्ही दुसऱ्याच्या डोक्यातलं गणित फोनवरून ओळखत बसायचं, आणि तो वेळ बाकीच्या ग्राहकांच्या वाट्यातून जातो.

अपडेटचं दुखणं याहून मोठं. जीएसटीची तारीख सरकार ठरवतं. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) लागू झालं, तेव्हा सगळ्या ग्राहकांकडे वेळेत अपडेट पोचवणं भाग होतं. ज्यांची प्रत मूळ होती त्यांचं काम झटक्यात झालं. ज्यांनी बिलाच्याच फाइलमध्ये बदल केले होते त्यांच्याकडे आमची नवी फाइल टाकली तर त्यांचा बदल पुसला जाणार, न टाकावी तर ई-इन्व्हॉइस जाणार नाही. दोन्ही फाइली शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवावी लागते. एएमसीच्या रकमेत हे काम धरलेलं नसतं, आणि तरी ग्राहकाला ते एएमसीतच हवं असतं.

एवढं सांगूनही "बदल आढळला" या दोन शब्दांवर तिकीट बंद करणं मला मान्य नाही. बदल कुठे आहे आणि दोष कुठे आहे, एवढं तरी बघितलंच पाहिजे. तुमच्या बदलाचा डिफ (मूळ आणि बदललेल्या फाइलमधल्या फरकाची यादी) त्यांच्याकडे दिला होता का? आणि रिपोर्टच्या फाइलला हात लावला नाही म्हणजे रिपोर्ट सुटला असं धरू नका. रिपोर्ट बिलाच्या फाइलमधलंच एखादं फंक्शन वापरत असेल तर तिथला बदल इथे उगवतो.

तासवडे_एबीएप

कराडजवळ एमआयडीसीतल्या कारखान्यात सॅप या ईआरपीवर काम करते. आमच्याकडे हा वाद जुना आहे, कारण सॅप ओपन सोर्स नसलं तरी एबीएप या त्याच्या प्रोग्रॅमिंग भाषेतला सोर्स ग्राहकाला दिसतो आणि बदलताही येतो. ईसीसी या जुन्या आवृत्तीत स्टँडर्ड प्रोग्रॅमला हात लावायचा तर आधी सॅपकडून त्या ऑब्जेक्टची (प्रोग्रॅमच्या त्या भागाची) की, म्हणजे परवानगीचा कोड घ्यावा लागायचा. या नोंदणीला एसएससीआर म्हणतात. की घेतली म्हणजे सॅपला कळलेलं असायचं की या ग्राहकाने ही वस्तू बदललेली आहे. बदलायला मनाई नव्हती, पण गुपचूप बदलता येत नव्हतं. अपग्रेडच्या वेळी एसपीएयू नावाच्या ट्रान्झॅक्शनमध्ये तुम्ही बदललेल्या सगळ्या ऑब्जेक्टची यादी समोर येते. प्रत्येकाचं ठरवायचं: आपला बदल ठेवायचा, की सॅपचं नवं घ्यायचं, की दोन्ही जुळवायचं. ती जुळवणी ग्राहकाने करायची, सॅपने नाही.

एका अपग्रेडमध्ये ती यादी मी स्वतः उपसलीय. निम्मे बदल असे निघाले की ते का केले होते हे ऑफिसात कुणालाच सांगता येईना. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, बदल केला की त्याच फाइलमध्ये कॉमेंट टाका: काय, का, कुणी सांगितलं, तारीख. पुढच्या माणसाचे दिवस वाचतात.

नोटीस_द्या

एवढं कशाला? पैसे घेतलेत ना पूर्ण? ग्राहक मंचात खेचा. सरळ होतील.

वकील_मिरज

नोटीस जरूर द्या, पण मंचाचा रस्ता इथे बहुतेक बंद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा वगळलेली आहे. स्वतःच्या रोजीरोटीसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यातून सूट मिळते, पण अडत आणि कोल्ड स्टोरेज चालवणारी फर्म त्यात बसवणं अवघड. राहतो तो तुमचा करार. एएमसीच्या कागदावर "मॉडिफिकेशन" या शब्दापुढे नेमकं काय लिहिलंय ते आधी वाचा. "बदलामुळे उद्भवलेले दोष वगळून" लिहिलं असेल तर दोष बदलामुळे आला का, हा प्रश्न खुला राहतो. "बदल केल्यास सपोर्ट रद्द" असं सरसकट लिहून त्यावर तुमची सही असेल तर मात्र गाडी अडते.

परवाना_वाचक

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, "बदलायचा हक्क कागदावरच का". बदलायचा हक्क देतं लायसन्स. सपोर्ट देतो करार. हे दोन वेगळे कागद आहेत, आणि विकणारा माणूस दोन्ही एका दमात सांगतो, तिथे घोटाळा होतो.

जीपीएल हे ओपन सोर्सचं एक प्रसिद्ध लायसन्स. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची. तिच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की कुणी सॉफ्टवेअर बदलून पुढे दिलं तर घेणाऱ्याला ते मूळ नाही हे कळलं पाहिजे, म्हणजे दुसऱ्याने आणलेल्या दोषाचा डाग मूळ लेखकांच्या नावाला लागणार नाही. २००७ ची तिसरी आवृत्ती आणखी स्पष्ट आहे. तिच्या सहाव्या कलमात, ग्राहकोपयोगी उपकरणात बदललेला कोड बसवता यावा म्हणून लागणारी माहिती द्यायची सक्ती आहे. पण त्याच कलमात हेही आहे की घेणाऱ्याने बदललेल्या प्रतीला सपोर्ट, वॉरंटी किंवा अपडेट देत राहण्याची सक्ती यातून निघत नाही. म्हणजे जीपीएल लिहिणाऱ्या स्टॉलमन आणि मंडळींनी ग्राहकाचं स्वातंत्र्य जपताना व्हेंडरवर फुकटचं ओझं टाकलेलं नाही.

पण त्याच लायसन्समध्ये पैसे घेऊन सपोर्ट किंवा वॉरंटी द्यायची मुभाही आहे. आणि ती कुणालाही आहे! १९८९ मध्ये सिग्नस नावाची कंपनी निघाली ती याच विचारावर: जीसीसी, जीडीबीसारखी प्रोग्रॅमरांना लागणारी, फुकट मिळणारी साधनं ग्राहकाला हवी तशी बदलून द्यायची आणि त्या बदलांसकट सांभाळायची. पुढे ती रेड हॅट या लिनक्स कंपनीने घेतली. तेव्हा तुमच्या व्हेंडरने नकार दिला म्हणजे सपोर्ट संपला असं नाही. सोर्स तुमच्याकडे आहे, दुसरा माणूस तो वाचू शकतो. बंद सॉफ्टवेअर असतं तर हा रस्ताच नव्हता.

तासगाव_रोड (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. एएमसीचा कागद काढला. "ग्राहकाने केलेल्या बदलांमुळे उद्भवणाऱ्या समस्या वगळून" असंच लिहिलंय. म्हणजे वकीलसाहेब म्हणतात तसा प्रश्न खुला आहे. पण बदलामुळे झालं नाही हे मी सिद्ध कसं करू? मी अडत्या माणूस. आणि अजिंक्यतारा, डिफ दिला नव्हता, त्यांनी मागितलाही नाही.

विलिंग्डन_मागे

हे जमण्यासारखं आहे, त्या मिरजेच्या पोराला बसवा. सविस्तर लिहितो, कारण अशा भांडणाचा निकाल इथेच लागतो.

वेगळ्या मशीनवर व्हेंडरने दिलेली मूळ प्रत चढवा. व्हर्जन तंतोतंत तेच हवं, त्यापुढचं किंवा मागचं नको. नेटवरून ताजी प्रत उतरवून घ्याल तर तुलना बाद. त्यात तुमचा खरा डेटा भरायची घाई करू नका. तुमच्या पोराने डेटाबेसमध्ये जादा कॉलम टाकले असतील तर व्हेंडर लगेच म्हणेल की डेटाच बिघडलेला आहे. नवी कोरी कंपनी उघडा, एक पार्टी, एक आयटम, एक बिल, त्यावर एक क्रेडिट नोट. चारच नोंदी. मग विक्री रजिस्टर काढा. रक्कम मिळवली गेली तर दोष मूळ प्रतीत आहे आणि तुमच्या बदलाचा विषय संपला. बरोबर वजा झाली तर त्याच कोऱ्या कंपनीवर तुमच्या पोराचा बदल चढवा आणि पुन्हा काढा.

त्यानंतर हवं तर खऱ्या डेटाची प्रत त्या मशीनवर घ्या. पण त्याआधी ई-इन्व्हॉइसचं लॉगिन, मेल आणि एसएमएसची सेटिंग त्या प्रतीतून काढून टाका. नाहीतर चाचणीचं बिल खरोखर पोर्टलवर जाईल किंवा पार्टीला मेसेज जाईल, आणि ते निस्तरणं मूळ दुखण्यापेक्षा जड पडेल.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, सांभाळणारे हीच गोष्ट यंत्राकडून करून घेतात. बाहेरचं किंवा बंद सोर्सचं मॉड्यूल (जोडभाग) चढवलं की कर्नल स्वतःवर "टेंटेड" (डागाळलेला) असा शिक्का मारतो आणि तो प्रत्येक क्रॅशच्या रिपोर्टमध्ये छापून येतो. तसा रिपोर्ट पाठवला की बहुतेक वेळा सांगतात, ते मॉड्यूल काढून पुन्हा घडवून दाखवा. पुन्हा घडलं तर तो दोष त्यांचा, आणि मग तो मनापासून बघतात.

ग्रंथपाल_वाई

आमचा अनुभव कॉलेजच्या ग्रंथालयातला. आम्ही कोहा हे ग्रंथालयाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरतो. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि २००० च्या जानेवारीत तिथे सुरू झालं. आमच्या आधीच्या सरांनी ओपॅकच्या (वाचकांना दिसणाऱ्या ऑनलाइन सूचीच्या) टेम्प्लेट फाइलींत थेट हात घालून मराठी मजकूर आणि मांडणी बसवली होती. सुरेख दिसायचं. पुढे पॅकेज अपडेट झालं आणि त्या फाइलींवर नव्या फाइली आल्या. मांडणी गेली. कुणाकडे दाद मागणार?

नंतर कळलं की यासाठी कोहात आधीच सोय आहे. ओपॅकची मांडणी बदलणारी सीएसएस आणि जावास्क्रिप्ट सिस्टीम प्रेफरन्समध्येच लिहायची जागा दिलेली आहे. तो मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, अपडेट त्याला शिवत नाही. देवनागरीत शोध नीट चालण्यासाठीही कोडला हात लावावा लागत नाही. झेब्रा या शोधाच्या साधनाच्या इंडेक्सला आयसीयूची (वेगवेगळ्या लिप्या हाताळणारी) सेटिंग करून द्यायची आणि इंडेक्स पुन्हा बांधायचा. माझं म्हणणं एवढंच की सोर्स उघडण्याआधी बाहेरून घालायची जागा शोधावी. धागाकर्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येही असेल.

तासवडे_एबीएप

ग्रंथपाल सरांना अनुमोदन. सॅपमध्ये यूजर एक्झिट आणि बॅडी या बाहेरून कोड जोडायच्या जागा याच कामाला आहेत. ईआरपीनेक्स्ट या ओपन सोर्स ईआरपीमध्येही कस्टम फील्ड आणि वेगळं कस्टम अ‍ॅप करून त्यातून हुक (ठरलेल्या क्षणी आपला कोड चालवायची जोडणी) लावता येतात, मूळ फाइल तशीच राहते. बॉक्सवरून किलो काढणं हे बिल सेव्ह होण्याआधी चालणाऱ्या हुकमध्ये सहज बसेल असं वाटतं. असा बदल असेल तर व्हेंडर तुमचं अ‍ॅप बाजूला काढून दोन मिनिटांत तपासू शकतो.

अजिंक्यतारा_सपोर्ट

अगदी हेच! हुकमधला बदल असला की आम्ही तिकीट कधीच परतवत नाही.

पण एक भीती मनात कायम असते, ती बोलून टाकतो. बदल करणारा हुशार आहे एवढ्याने भागत नाही. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराचं उदाहरण घ्या. २००६ मध्ये त्यांनी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरच्या आपल्या प्रतीत एक बारीकसा बदल केला. तपासणीचं साधन इशारे देत होतं, ते थांबवायला एक-दोन ओळी गाळल्या. त्यामुळे एन्क्रिप्शनची गुप्त की तयार करतानाचा यादृच्छिकपणा जवळपास संपला. एकेका प्रकारच्या कीचे फक्त ३२ हजारांच्या आसपास पर्याय उरले, म्हणजे कुणीही बसून सगळे करून बघावेत. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये. तोवर सगळं वरून व्यवस्थित चालू होतं. मूळ ओपनएसएसएलमध्ये तो दोष नव्हता. जगातल्या इतक्या जाणत्या लोकांच्या हातून हे होतं, तर आम्ही न पाहिलेल्या बदलाची हमी कशी द्यायची? डिफ द्या, आम्ही वाचू. न दाखवता हमी मागू नका.

सीए_विश्रामबाग

एक मुद्दा कुणी काढलेला नाही. तुमची फर्म भागीदारी असेल तर सुटलात, पण वाचकांमध्ये प्रायव्हेट लिमिटेडवालेही असतील. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये. ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. सोर्स ज्याच्या हातात आहे तो हा माग बंदही करू शकतो, त्यामुळे ऑडिटर म्हणून मी विचारणारच की कोणत्या फाइली बदलल्या आणि कोणी. गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) इतिहास असेल तर ते दाखवून माझं समाधान होतं. तोंडी खुलाशाने होत नाही.

बेदाण्यावाल्यांसाठी आणखी एक. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलच्या ५५ व्या बैठकीत खुलासा झाला की शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही. तुमच्या पोराच्या बदलात कराचा भाग असेल तर तो या खुलाशाशी ताडून बघा. हे व्हेंडरच्या अपडेटमधून आपोआप येणार नाही.

तासगाव_रोड (धागाकर्ता)

करून बघितलं, विलिंग्डन_मागे यांनी सांगितलं तसंच. कोऱ्या कंपनीत, मूळ प्रतीवर, पोराचा बदल न चढवता: बिल १,०००, क्रेडिट नोट २००, रजिस्टर म्हणतंय १,२००. दोष मूळ प्रतीतच आहे. मग बदल चढवून काढलं तर तेही १,२००, पण लॉटची वजनं अपूर्णांकात टाकली की एकूण रकमेत काही पैशांचा फरक येतोय. तो आमच्या बदलातला आहे, पोराने राउंडिंगची जागा हेरलीय. दोन्ही गोष्टी लेखी कळवल्या, स्क्रीनशॉट आणि डिफ जोडून. व्हेंडरकडून या वेळी दुसऱ्याच माणसाचा फोन आला. रजिस्टरची दुरुस्ती पुढच्या पॅचमध्ये देतो म्हणाला. पैशांच्या फरकाला हात लावणार नाही म्हणाला, ते मी मागितलंही नव्हतं.

एएमसीचं नूतनीकरण जवळ आलंय. कागदात काय घालून घेऊ?

वकील_मिरज

तीन वाक्यं पुरेत. मूळ प्रतीवर दाखवता येणारा दोष, ग्राहकाकडे बदल असले तरी सपोर्टमध्ये धरला जाईल. ग्राहकाच्या बदलामुळे आलेला दोष ठरलेल्या ताशी दराने बघितला जाईल. आणि दोष कुणाचा हे शोधायला लागलेला वेळ ज्याचा दोष निघेल त्याच्या खात्यावर पडेल. तिसऱ्या वाक्यावर ते अडतील, तुम्ही सोडू नका.

अजिंक्यतारा_सपोर्ट

तिसऱ्यावर मीही अडेन, वकीलसाहेब. शोधायला दोन दिवस गेले आणि शेवटी दोष दोघांचाही निघाला तर? धागाकर्त्यांच्या बाबतीत अगदी तसंच झालंय. त्यापेक्षा असं लिहा: मूळ प्रतीवर घडवून दाखवायचं काम ग्राहकाचं, त्यासाठी मूळ प्रत आणि चाचणीची जागा व्हेंडरने द्यायची. एकदा दाखवलं की पुढचा सगळा वेळ व्हेंडरचा. बदललेल्या फाइलींची यादी करारासोबत जोडायची आणि प्रत्येक अपडेटच्या आधी ताजी करून द्यायची. यावर कुठलाही सरळ व्हेंडर सही करेल.

वकील_मिरज

हे चांगलं आहे. माझ्या तिसऱ्या वाक्याच्या जागी हे घाला.

कृष्णाकाठ

धागाकर्ते, तुमचं लॉटचं काम आमच्या मार्केट यार्डातल्या हळदीवाल्यांनाही लागेल. पोराने केलेला बदल दुसऱ्या अडत्याला दिला तर चालतो का? की सगळ्यांसाठी नेटवर टाकावाच लागतो?

परवाना_वाचक

स्वतःच्या पेढीत वापरत असाल तर जीपीएलखाली तो कुणालाही दाखवायची सक्ती नाही. दुसऱ्या अडत्याला प्रत दिलीत तर त्याला सोर्सही त्याच लायसन्सखाली द्यायचा आणि बदल केल्याची खूण व तारीख त्यात ठेवायची. पैसे घ्यायलाही हरकत नाही.

पण सॉफ्टवेअर एजीपीएल या जीपीएलच्या जास्त कडक प्रकाराखाली असेल तर हिशोब वेगळा. तुमचे शेतकरी मोबाइलवर लॉगिन करून आपली पट्टी बघत असतील तर ते नेटवर्कवरून तुमची बदललेली प्रत वापरतात, आणि त्यांना सोर्स मिळवायची सोय द्यावी लागते. मूळ फोल्डरमध्ये लायसन्स नावाची फाइल असते, ती उघडली की सुरुवातीलाच कळेल कुठलं आहे. आणि हळदीवाल्यांना देण्याआधी राउंडिंग दुरुस्त झालेली प्रतच द्या.